नांगरावरचं जहाज, उघडलेलं इंजिन

हैदराबादच्या हिमायतनगरातून लिबर्टीच्या चौकाकडे निघालं की थोड्याच वेळात हुसेनसागरचं पाणी दिसू लागतं, आणि पाण्याच्या मधोमध उभा असलेला बुद्ध. संध्याकाळी त्याच्याकडे बघत मक्याचं कणीस खाणाऱ्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं, की हा बुद्ध आपल्या चौथऱ्यावर पोचण्याआधी जवळजवळ पावणेतीन वर्षं याच तलावाच्या तळाशी पडून होता. तेव्हाच्या नलगोंडा जिल्ह्यातल्या रायगिरीच्या ग्रॅनाइटमधून घडवलेला हा एकसंध पुतळा वजनाला तीनशे टनांहून अधिक. १० मार्च १९९० रोजी तो तराफ्यावर चढवून पाण्यात नेला गेला. काठ फार मागे राहिलेला नव्हता, तोच तराफा कलला, पुतळा घसरला आणि त्याबरोबर माणसंही गेली. डिसेंबर १९९२ मध्ये तो वर काढून उभा करण्यात आला.

समुद्र इथून अडीच-तीनशे किलोमीटर दूर. तरी जहाजबांधणीतला एक मूलभूत धडा या शहराला घराजवळच मिळाला. तरंगणारी वस्तू बुडायला तिला भोक पडावंच लागतं असं नाही. वजन भलतीकडे सरकलं आणि वस्तू कलली, एवढंही पुरतं. या प्रकरणाचा विषय आहे नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजाची दुरुस्ती, आणि त्यातल्या बहुतेक काळज्यांचं मूळ या एका गोष्टीत सापडतं.

त्याचं सर्वांत भयंकर उदाहरण सव्वादोनशे वर्षांहून जुनं आहे. २९ ऑगस्ट १७८२ रोजी इंग्लंडच्या पोर्ट्समथसमोर, स्पिटहेडच्या नांगरवाड्यात ‘रॉयल जॉर्ज’ ही शंभर तोफांची युद्धनौका उभी होती. हवा शांत होती. काम किरकोळ होतं, पाणी आत घेणारा एक नळ बदलायचा होता. तो पाण्याच्या रेषेखाली जेमतेम तीन फुटांवर होता. एवढ्यासाठी जहाज गोदीत कोण नेणार? जहाज थोडं कलतं करायचं, नळाची जागा पाण्याबाहेर आली की तो बदलायचा आणि जहाज परत सरळ करायचं, असा त्या काळचा सर्रास रिवाज. त्याप्रमाणे एका बाजूच्या तोफा मधोमध ओढल्या आणि दुसऱ्या बाजूच्या बाहेर सरकवल्या. जहाज कललं. खाली गेलेल्या बाजूच्या तोफांच्या खिडक्या उघड्याच होत्या आणि आता त्या पाण्याच्या अगदी जवळ आल्या होत्या. त्यातच एक छोटं जहाज रमची पिंपं घेऊन बाजूला लागलं आणि तीही त्याच खालच्या बाजूने चढवायला सुरुवात झाली. सुताराच्या लक्षात आलं, की लाटा खिडक्यांतून आत येऊ लागल्या आहेत. तो पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याकडे गेला, त्याने उडवून लावलं. पुन्हा गेला, पुन्हा तेच. अखेर जहाज सरळ करण्याचा हुकूम सुटला तेव्हा उशीर झाला होता. नऊशेच्या आसपास माणसं बुडाली. त्यात अ‍ॅडमिरल केंपनफेल्ट होते आणि जहाज बंदरात आहे म्हणून भेटायला आलेल्या बायका आणि मुलंही होती. चौकशी मंडळाने पुढे जहाजाची लाकडं कुजल्याचा निष्कर्ष काढून अधिकाऱ्यांना निर्दोष सोडलं. लाकडं कुजली असतीलही. पण उघड्या खिडक्या आणि रमची पिंपं कुठल्या बाजूला होती, हे कुणी लपवू शकलं नाही.

यात एकही काम अडाणीपणाचं नव्हतं. नळ बदलणं, जहाज कलवणं, माल चढवणं ही सगळी रोजचीच कामं. ती एकाच वेळी, एकाच बाजूला चालली होती आणि सगळ्यांचा हिशेब एका डोक्यात नव्हता.

नांगरावरचं जहाज उभं आहे असं किनाऱ्यावरून वाटतं. गेटवेहून एलिफंटाला जाणाऱ्या लाँचमधून मुंबई बंदरात पसरलेली ही जहाजं दिसतात, चाळीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांसारखी निवांत. प्रत्यक्षात ती निवांत नसतात. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि प्रवाह फिरला की जहाज नांगराभोवती घूमजाव करतं. दिवसातून चारदा. शेजारचं जहाज हलकं असेल तर ते वाऱ्याने फिरतं, भरलेलं असेल तर प्रवाहाने, म्हणून दोघांची तोंडं एकाच दिशेला असतील याचीही खात्री नाही.

नांगराबद्दलही एक गैरसमज आहे. जहाजाला धरून ठेवतो तो एकटा नांगर नव्हे, समुद्रतळावर आडवी पडलेली त्याची जाड साखळी. ती आडवी आहे तोवर नांगरावरची ओढ आडवी राहते आणि त्याचे पंजे चिखलात रुततात. वारा वाढला, साखळी ताठ झाली, ओढ वरच्या दिशेला गेली, की नांगर उचकटतो आणि तळावरून खरडत निघतो. साखळी मोजतात शॅकलमध्ये, एक शॅकल साडेसत्तावीस मीटरांचा. खोली जास्त, हवा वाईट, तितके जास्त शॅकल सोडायचे. आज जहाजावर उपग्रहाने जागा सांगणारी यंत्रं आहेत, नांगराभोवती वर्तुळ आखून जहाज त्याबाहेर गेलं की भोंगा वाजवणारीही आहेत. तरीही पुढच्या डेकवरचा जुना सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, साखळीवर पाय किंवा तळहात ठेवून बघतो. नांगर धरून असेल तर साखळी गप्प असते. तो तळावरून ओढला जात असेल तर लोखंडातून एक बारीक, तुटक थरथर वर येते, बैलगाडी खडकाळ रस्त्यावरून गेल्यासारखी.

नांगर ओढला जाऊ लागला तर खलाशी काय करतो? आणखी साखळी सोडतो, दुसरा नांगर टाकतो आणि यांत सर्वांत महत्त्वाचं म्हणजे इंजिन सुरू करतो. दुरुस्तीच्या जहाजाजवळ नेमकं हेच नसतं. मोठ्या डिझेल इंजिनाचं एक युनिट उघडायचं म्हणजे सिलिंडरचं झाकण काढायचं, माणसाच्या उंचीहून मोठा पिस्टन वरच्या क्रेनने बाहेर ओढायचा, कड्या बदलायच्या, सगळं परत बसवायचं. यात अख्खा दिवस सहज जातो. तेवढा वेळ जहाजाचे पाय बांधलेले.

म्हणून इंजिन उघडायचा पहिला पाना फिरण्याआधी कप्तानाला बंदराच्या हार्बर मास्टरची परवानगी लागते. किती तास इंजिन बंद राहील, हवामान काय म्हणतं, गरज पडली तर टग किती वेळात येईल, हे आधी ठरतं. बंदराला कधी कधी टग जवळ उभाच हवा असतो. शहाणा मुख्य अभियंता यावर एक अट स्वतःची घालतो. एका वेळी एकच युनिट, आणि ‘आत्ता या क्षणी थांबलो तर किती तासांत इंजिन चालू होईल’ या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहिलेलं. वेळापत्रकाच्या घाईत ही अट पहिली मोडते.

इंजिनाचा आधार नसलेल्या जहाजाचं वादळात काय होतं, हे १७ मे २०२१ रोजी मुंबईच्या समुद्रात दिसलं. तौक्ते वादळात बॉम्बे हाय परिसरातल्या ‘पी ३०५’ या राहण्याच्या तराफ्याचे नांगर सुटले. त्याला स्वतःचं इंजिन नव्हतंच. वाऱ्यापुढे भरकटत तो एका तेलविहिरीच्या मंचावर आदळला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदलाने रात्रभर खवळलेल्या पाण्यातून १८६ जणांना वाचवलं, सत्तरहून अधिक गेले. तो तराफा दुरुस्तीला नव्हता, पण दुरुस्तीत इंजिन उघडून बसलेलं जहाज त्या काही तासांपुरतं तसलाच तराफा झालेलं असतं. त्याच वादळात गुजरातेतल्या पिपावावजवळ आणखी एक जहाज नांगर तुटून वाहू लागलं होतं. त्याचं नाव ‘सागर भूषण’, १०१ जण त्यावर होते, सुदैवाने ते बचावले. हे नाव पुढे पुन्हा येईल.

आता कलण्याकडे परत जाऊ. दुरुस्तीच्या काळात जहाजाच्या पोटातली वजनं सारखी हलत असतात. तळाच्या टाक्या तपासायला रिकाम्या केल्या जातात, म्हणजे खालचं वजन कमी झालं. जड भाग क्रेनने वर उचलले जातात, म्हणजे वरचं वाढलं. दोन्ही गोष्टी जहाज उलथायला मदत करणाऱ्या. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट भरलेली टाकी. कळशीभर पाणी डोक्यावरून नेता येतं. तेवढंच पाणी परातीत घेऊन चार पावलं टाकून बघावं. परात जराशी तिरकी झाली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी तिरकी करतं. जहाजातल्या रुंद टाकीचं तेच होतं. म्हणून टाक्यांना मधे उभी भिंत घालतात. एका भिंतीने टाकीचे दोन भाग झाले की हा त्रास निम्मा नाही, एक चतुर्थांश होतो. टाकी एकतर काठोकाठ भरलेली हवी किंवा कोरडी.

आणि ही परात आग विझवताना सर्वांत मोठी होते.

९ फेब्रुवारी १९४२. न्यूयॉर्कच्या हडसन नदीतल्या धक्क्यावर ‘नॉर्मंडी’ हे फ्रान्सचं आलिशान प्रवासी जहाज सैनिक वाहून नेण्यासाठी बदललं जात होतं. खांब कापणाऱ्या ज्योतीच्या ठिणग्या शेजारी रचलेल्या जीवरक्षक जाकिटांच्या ढिगावर पडल्या. त्यांत सावरीसारखा कापूस भरलेला होता. न्यूयॉर्कचे बंब आले, तर त्यांच्या नळ्या जहाजाच्या फ्रेंच जोडांना बसेनात. मग बाहेरून पाण्याचा मारा सुरू झाला. आग आटोक्यात आली, पण वरच्या मजल्यांवर साचलेलं हजारो टन पाणी एका बाजूला जमलं आणि जहाज कलू लागलं. ज्याने जहाजाचा आराखडा केला तो व्लादिमीर युर्केविच तिथे येऊन सांगत होता, की तळाच्या झडपा उघडा, जहाज सरळ तळावर बसू द्या. त्याला आत सोडलं नाही. रात्री जहाज आडवं झालं.

मुंबईकरांना हे चित्र २०२४ मध्ये आपल्या दारात दिसलं. २१ जुलैच्या संध्याकाळी नौदल गोदीत डागडुजीसाठी उभ्या असलेल्या ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ या युद्धनौकेवर आग लागली. जहाजावरचे नौसैनिक, गोदीचे अग्निशामक आणि बंदरातल्या इतर जहाजांची मदत अशा सगळ्यांनी मिळून सकाळपर्यंत आग काबूत आणली. नंतर, दुपारी जहाज डाव्या बाजूला झुकू लागलं, प्रयत्न करूनही सरळ होईना, आणि शेवटी धक्क्यालगत एका कुशीवर टेकलं. एका नौसैनिकाने प्राण गमावले. आगीचा दिवस आणि कलण्याचा दिवस हे वेगळे, हे इथे ध्यानात घ्यावं. आग विझली म्हणून बंबवाले नळ्या गुंडाळू लागतात, तेव्हा कप्तानाचं दुसरं काम सुरू होतं: किती पाणी आत गेलं, कुठल्या मजल्यावर आहे, ते खाली कसं उतरवायचं. दुरुस्तीच्या जहाजावर तर पाणी उपसणारे पंपही उघडलेले असू शकतात.

अमेरिकेच्या सॅन दिएगोमध्ये ‘बॉनहोम रिचर्ड’ ही नौका १२ जुलै २०२० पासून चार दिवस जळत राहिली. तीही डागडुजीतच होती. चौकशीत आढळलं, की जहाजावरच्या ८७ टक्के अग्निशमन केंद्रांत काही ना काही बिघाड होता किंवा त्यांची तपासणी झाली नव्हती, आणि तात्पुरत्या केबल-नळ्या दारांतून नेल्यामुळे आग अडवणारी दारं बंदच होईनात. दार आहे, पण त्याच्या चौकटीतून वेल्डिंगची वायर गेली आहे, हे दृश्य कुठल्याही दुरुस्तीच्या जहाजावर दिसतं. त्यावरचा उपाय साधा आणि कटकटीचा आहे: वायर मधेच जोड देऊन न्यायची, म्हणजे क्षणात सोडवून दार लावता येईल. जोड करायला दहा मिनिटं लागतात. ती कुणालाच द्यायची नसतात.

एका बाबतीत मात्र जुनी माणसं आपल्यापेक्षा सावध होती. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्यात जहाजावर डांबर-राळ उकळण्यावर आणि जहाजाचा तळ जाळून साफ करण्यावर बंदराच्या ठरावीक हद्दीत निर्बंध होते. लाकडी जहाजाच्या तळाला चिकटलेलं शेवाळ-शिंपले त्या काळी शेकून काढत, फटी राळेने बुजवत, आणि शेजारी दाटीने दुसरी लाकडी जहाजं. ती दाटी काय करते हे कोकणने आणखी दीडशे वर्षं आधी पाहिलं होतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार एकमेकांना बांधून उभं असताना इंग्रजी तोफगोळ्याने एका जहाजाला आग लावली आणि ती दोरखंडांवरून सगळ्या आरमारात पसरली. युद्ध वेगळं, पण उभ्या जहाजांच्या रांगेत आगीचा रस्ता तोच.

आज उकळत्या राळेच्या जागी वेल्डिंगची ज्योत आहे. तिच्यासाठी परवानगीचा कागद लागतो, जहाजावर त्याला ‘हॉट वर्क परमिट’ म्हणतात. चांगल्या जहाजावर हा कागद केबिनमध्ये भरला जात नाही, जागेवर उभं राहून भरतात. वेल्डर ज्या लोखंडी भिंतीवर काम करणार, तिच्या पलीकडे काय आहे? तिकडे तेलकट चिंध्या, रंगाचे डबे, इन्सुलेशन असेल तर ठिणगी न उडताही आग लागते, कारण लोखंडातून उष्णता पलीकडे जाते. म्हणून पाण्याची बादली आणि विझवणी घेऊन एक माणूस पलीकडच्या बाजूला बसवतात. त्याचं काम फक्त बघणं. रंग आधी चमक सोडतो, मग त्याला फोड येतात, मग तपकिरी धूर. फोड येताच त्याने भिंतीवर ठोकायचं.

टाकीच्या आत काम असेल तर धोका नाकाला कळत नाही. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी कोची गोदीत दुरुस्तीला आलेल्या ‘सागर भूषण’वर स्फोट झाला, पाच जण गेले. तौक्तेत पुढे नांगर तुटून भरकटलेलं तेच हे तेलविहिरी खोदणारं जहाज. प्राथमिक तपासात कापणीच्या संचातून गळलेल्या ज्वालाग्राही वायूवर बोट ठेवलं गेलं. अ‍ॅसिटिलीन हवेत अडीच टक्के झालं तरी पेट घेऊ शकतं. म्हणून जेवणाच्या सुटीतही गॅसच्या नळ्या टाकीत सोडून जायच्या नाहीत, त्या बाहेर काढायच्या आणि बाटल्यांच्या झडपा बंद करायच्या. आत घुसमटतं म्हणून कुणी ऑक्सिजनची नळी मोकळी सोडली तर ते अधिकच वाईट, कारण जास्त ऑक्सिजनमध्ये तेलकट कपडेसुद्धा भपकन पेटतात. खेळती हवा पंख्याने द्यायची.

बंद टाकीत वायू गळाला नाही तरी हवा बिघडते. गंज चढणारं लोखंड ऑक्सिजन खातं. महिनोन्‌महिने बंद असलेल्या खारट टाकीत तो इतका कमी होतो, की शिडीच्या पाचव्या पायरीवर माणूस शुद्ध हरपून खाली पडतो. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के हवा. मापक दोरीने सोडून वर, मधे आणि तळाशी असं तीन ठिकाणी मोजतात, कारण वायूंचे थर वेगवेगळे असतात. कुजक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड तर जास्त झाला की नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस पुढे जातो. आणि पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उडी घेतो, दुसऱ्यामागे तिसरा. हा आवेग इतका माणसासारखा आहे, की आंतरराष्ट्रीय नियमांनी १ जानेवारी २०१५ पासून दर दोन महिन्यांनी बंद जागेतून बचाव करण्याची रंगीत तालीम सक्तीची केली. तालमीत शिकवायचं ते एवढंच: आधी भोंगा, मग हवेची बाटली, मग आत.

पाण्याखालच्या कामाची तऱ्हा वेगळी. पाणबुड्या जहाजाच्या पंख्याशी किंवा पाणी खेचणाऱ्या जाळीशी असेल तेव्हा इंजिनरूममधलं एक बटण त्याचा जीव घेऊ शकतं. म्हणून इंजिन सुरू करणारी दाबाखालची हवा बंद, पंपांचे फ्यूज काढलेले, स्विचवर कुलूप आणि कुलपाची किल्ली पाणबुड्यांच्या मुकादमाच्या खिशात. जहाजावर दिवसा नांगराचा काळा गोळा, शिवाय पाणबुड्या खाली असल्याचा निळा-पांढरा झेंडा. वेगाने जाणाऱ्या लाँचच्या लाटेनेही शिडी हलते, म्हणून ‘हळू जा’ असं सांगणारे झेंडे वेगळे.

दुरुस्ती झाली की चाचणी, आणि तिथे धोका जहाजाबाहेर पडतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनची चाचणी घेणारी नौदलाची एक स्पीडबोट मुंबई बंदरात ताबा सुटून ‘नील कमल’ या एलिफंटाच्या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा माणसं गेली. नांगरावरच्या मोठ्या जहाजाची चाचणी सुरू होते तेव्हाही बराच वेळ इंजिन अगदी हळू फिरवतात, पुढे एक फेरा, मागे एक फेरा, मागच्या डेकवर पाण्याकडे बघणारा एक माणूस ठेवून. एखादी मासेमारीची होडी मागे आली तर तो हात वर करतो.

त्याआधी मोजदाद असते. टाकीच्या तोंडाशी लावलेल्या फळ्यावर आत गेलेल्यांची नावं असतात. बाहेर येणारा आपलं नाव स्वतः पुसतो, दुसऱ्याने पुसलेलं चालत नाही. पाने, दिवे, चिंध्या मोजून परत येतात. वेल्डरची पाळी संपते, तो चहाला जातो. पलीकडे बादली घेऊन बसलेला माणूस मात्र निदान अर्धा तास तिथेच बसून राहतो. थोड्या थोड्या वेळाने उठतो आणि हाताची मागची बाजू त्या भिंतीला लावून बघतो, अजून कोमट आहे का.